काय ठेवायचं, काय स्कॅन करायचं: सीमाभागातल्या एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भात आणि रताळ्यांच्या शिवारातलं हे एक मराठी गाव. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही वगळले आहेत. बाकी जे घडलं ते असं.

गावचं वाचनालय स्वातंत्र्याच्या आगेमागे लोकवर्गणीतून उभं राहिलं. देवळाशेजारी एक लांबट कौलारू खोली, भिंतींना लागून लोखंडी कपाटं, मधे वर्तमानपत्रांचं टेबल. पुस्तकं पाच हजारांच्या घरात. त्यातली बरीचशी कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ आलेली. आतल्या पानावर निळ्या शाईत दात्याचं नाव आणि तारीख. ग्रंथपाल बाई गावातल्याच. मानधन नाममात्र. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असायचं.

पैशाची बाजू सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा. तिथे सरकार स्वतःच ग्रंथालयं चालवतं आणि त्यासाठी घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि पुढे हे कायदे आले तेव्हा हे वाचनालय दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर राहिलं. महाराष्ट्राच्या वर्गवारीत बसत नाही, कारण हद्दीबाहेरचं. कर्नाटकाच्या यादीत नाही, कारण सरकारी नाही. वर्गणी, देणग्या आणि यात्रेच्या वेळी जमणारे पैसे, यावरच ते आजवर चाललं. ज्या भागात बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आणि शेजारच्या कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथल्या खेड्यातल्या माणसांनी हे ओझं पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार उचललं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गावात आणखी एक ग्रंथालय आहे, ग्रामपंचायतीचं. कर्नाटकातली ग्रामपंचायत ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे गेली आणि आता ती ‘अरिवु केंद्र’ म्हणून ओळखली जातात. या गावातल्या केंद्रात संगणक आले, इंटरनेट आलं, स्पर्धा परीक्षांची कन्नड आणि इंग्रजी पुस्तकं आली. दोन्ही ठिकाणांत चालत दहा मिनिटांचंही अंतर नाही, पण एकमेकांकडे कुणी फिरकत नव्हतं.

अडचण

कोविडच्या काळात वाचनालय बराच काळ बंद राहिलं. उघडल्यावर माणसं पूर्वीसारखी परतली नाहीत. पहिल्यांदा तुटले ते पेपर वाचायला येणारे. सकाळी उठायच्या आत मोबाईलवर पेपर येऊन पडतो. तोच संध्याकाळी वाचायला देवळापर्यंत कोण येणार? मुलांचं वेगळंच. घरात मराठी, शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. बोलायला मराठी फाडफाड, पण जोडाक्षर आलं की अडखळतात.

त्यात छप्पर गळायला लागलं. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही. खिडकीकडची कपाटं ओलावली. पुठ्ठ्यांवर बुरशी, पानांना कसर, खालच्या फळीला वाळवी. दिवाळी अंकांच्या पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग पडले. १९४०–५० च्या दशकातला छपाईचा कागद मुळातच हलका; लाकडाच्या लगद्यातलं आम्ल त्याला आतून खात राहतं. असं पुस्तक नुसतं उघडलं तरी पानाचा कोपरा हातात येतो.

याच वेळी गावातलेच एक उद्योजक पुढे आले. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, त्यांचं मशीन शॉप आहे. खोलीवर स्लॅब, नवं फर्निचर, दहा संगणक, सगळा खर्च ते करणार होते. अट एकच: जुनी पुस्तकं हलवायची आणि फलकावर ‘डिजिटल लायब्ररी’ लिहायचं. “पुस्तकं कोण वाचूलालाय आता? पोरांस्नी नोकऱ्या लागूदेत,” असं ते सभेत म्हणाले. त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. गावातली कितीतरी मुलं पोलीस भरतीची आणि इतर परीक्षांची तयारी करतात आणि शांत बसायला त्यांना घरात जागा नसते. समोरून एक निवृत्त गुरुजी उठले. “आप्पा, पोरं शिकूदेत की. पण पुस्तकं घालवून शिकतील व्हय?” एवढंच बोलून ते खाली बसले. सभा त्या दिवशी ठरावाशिवाय संपली.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यकारिणीसमोर चार वाटा होत्या. देणगी अटीसकट स्वीकारायची, ही पहिली. सगळा संग्रह शहरातल्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला देऊन टाकायचा, ही दुसरी. पण चौकशी केल्यावर कळलं की मोठ्या ग्रंथालयांकडे यातली बहुतेक पुस्तकं आधीच आहेत आणि दुबार प्रती ठेवायला त्यांच्याकडेही जागा नाही. तिसरी वाट तरुण मंडळींची लाडकी: सगळंच स्कॅन करायचं. पाच हजार पुस्तकं म्हणजे दहा लाखांच्या आसपास पानं. फोनवर फोटो काढणं सोपं, पण प्रत्येक पान सरळ आलं का, तुटलं का, क्रम चुकला का हे तपासायला माणूस लागतो, आणि असं काम अर्ध्यावर सुटलं की कागदही गेलेला असतो आणि फाइलही धड नसते.

चौथा पर्याय ग्रंथपाल बाईंनी मांडला. त्या म्हणाल्या, आधी रजिस्टर बघूया.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच, असं मी मानतो. तोपर्यंत वाद पुस्तक मोठं की मोबाईल मोठा यावर चालला होता, आणि त्या वादाचा निकाल गावात लागणं शक्यच नव्हतं. आपल्याच कपाटात काय आहे आणि ते कोण नेतं, हा प्रश्न मात्र सुटण्यासारखा होता.

निर्णय आणि कृती

देवघेव नोंदवह्या काढल्या. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी मागच्या दहा वर्षांच्या नोंदी एका स्प्रेडशीटमध्ये भरल्या. महागडी संगणकप्रणाली घ्यायची नाही, हे आधीच ठरलं होतं. ग्रंथालयांसाठीची ‘कोहा’सारखी मुक्त प्रणाली फुकट मिळते, पण ती सांभाळणारा माणूस गावात टिकेल याची खात्री नव्हती.

त्या नोंदींतून दोन गोष्टी दिसल्या. संग्रहातला मोठा भाग दहा वर्षांत एकदाही हलला नव्हता. जे हलत होतं त्यात ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंक, पाककृती, पोथ्या आणि मुलांच्या गोष्टी होत्या. दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. सभासदत्व सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, आणि पुस्तक परत केल्याची सही सुनेची. एका कार्डावर तर खातेदार वारून वर्षं झाली होती, आणि त्यांची सून दर पंधरवड्याला पुस्तक बदलत होती. ज्यांना आपण गावचे वाचक समजत होतो त्यांच्यामागे खरे वाचक दुसरेच होते. बाईंना हे ठाऊक होतं; कार्यकारिणीत एकही बाई नसल्यामुळे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग संग्रहाची छाननी सुरू झाली. तीन वाटे ठरवले: वाचकांसाठी ठेवायचं, जतन करायचं, बाद करायचं. एखादं पुस्तक दुर्मीळ आहे का हे वयावरून ठरत नाही. लोकप्रिय नाटकांच्या जुन्या प्रतीही बऱ्याच ठिकाणी मिळतात. उलट गावच्या यात्रेची साधी स्मरणिका दुसरीकडे कुठेच नसते. छापील पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा आधार घेतला, तिच्यात १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी प्रकाशनांची नोंद आहे. शिवाय बेळगाव–कोल्हापूरच्या ग्रंथालयांच्या याद्या आणि इंटरनेटवरची मुक्त भांडारं पाहिली. जे तिथे स्कॅन होऊन पडलेलं आहे ते पुन्हा स्कॅन करण्यात दिवस घालवायचे नाहीत, असं ठरलं.

जतनाच्या वाट्यात शेवटी दोन कपाटंही भरली नाहीत. पण त्यात काय होतं! वाचनालयाच्या सभांची इतिवृत्तं, कंदिलाच्या रॉकेलपासून पेपरच्या बिलापर्यंतचे ठराव असलेली. गावातल्या पोरांनी १९५० च्या दशकात काढलेल्या हस्तलिखित वार्षिकाचे अंक, त्यात बोरूने काढलेली शीर्षकं आणि पाण्याच्या रंगातली चित्रं. सोंगी भजनाच्या वह्या. सीमालढ्यातली पत्रकं. आसपासच्या गावांत दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा नावांनीच तो गठ्ठा ओळखायचा. आणि कापडात बांधलेली मोडीतली काही कागदपत्रं.

स्कॅनिंगचं काम साधं ठेवलं. फोनला स्टँड, पानावर स्वच्छ काच, खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक आणि पान क्रमांक. छापील पानांचा मजकूर शोधता यावा म्हणून ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त अक्षरओळख प्रणाली वापरली. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ती ‘ख’चं ‘रव’ करते, ‘ध’ आणि ‘घ’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत गफलत करते. निवृत्त शिक्षकांनी ती दुरुस्ती घरी बसून केली. हाताने लिहिलेलं मात्र नुसतं चित्र म्हणूनच ठेवलं.

कायद्याचा प्रश्न मधेच उभा राहिला. एका उत्साही मुलाने तोवर आवडत्या कादंबऱ्या स्कॅन करून व्हॉट्सॲपवर टाकायला सुरुवात केली होती. हेतू चांगला होता, पण थांबवावं लागलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्या बाबतीत २०३६ संपेपर्यंत थांबायला हवं. कायद्याच्या कलम ५२ ने सार्वजनिक वाचनालयांना सवलती दिल्या आहेत: वाचनालयाकडे कागदी प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते, आणि भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या वाचनालयाच्या वापरापुरत्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. या सवलती वाचनालयापुरत्या आहेत. गटावर वाटप त्यांत बसत नाही. हस्तलिखित अंक तर कधी रीतसर प्रसिद्धच झाले नव्हते, त्यामुळे तिथे साठ वर्षांचा हिशेब धरून चालता येईना. म्हणून लिहिणाऱ्यांच्या घरी जाऊन लेखी परवानगी घेतली. त्या निमित्ताने कुणाच्या आजोबांनी सोळाव्या वर्षी कविता लिहिली होती हे नातवंडांना पहिल्यांदा कळलं.

राहिला देणगीचा प्रश्न. संगणक अरिवु केंद्रात आहेतच, मग पुन्हा दहा कशाला, असा मुद्दा निघाला. यावर सभा तापली. “तिकडं कन्नड, इकडं मराठी, आमचं आमच्याजवळ,” असा सूर होता, आणि या भागाच्या गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला तो समजू शकतो. तरी शेवटी कार्यवाह आणि बाई केंद्रातल्या ग्रंथपालांना जाऊन भेटल्या. परीक्षेची मुलं तिकडे बसतील, वाचनालय त्यांच्यासाठी मराठीतली इतिहास–भूगोलाची पुस्तकं आणि कन्नड–मराठी शब्दकोश तिकडे ठेवेल, असं तोंडी ठरलं. उद्योजकांना हा हिशेब दाखवला. त्यांनी अट सोडली. छप्पर, विजेची दुरुस्ती आणि एक संगणक यांचा खर्च उचलला, आणि उरलेल्या पैशांत मुलांसाठी बसकी कपाटं करून दिली.

काय बिघडलं

बाद पुस्तकांची विल्हेवाट लावताना गावात मोठी नाराजी झाली. बुरशी आणि वाळवीने गेलेली पुस्तकं रद्दीच्या टेम्पोत भरताना रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंना वरच्याच पुस्तकावर आपल्या वडिलांचं नाव दिसलं. ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं पुस्तक त्यांनी टेम्पोतून उचललं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवसापर्यंत वाचनालय पुस्तकं विकून खातं अशी बोलवा झाली. नियमाप्रमाणे बाद करण्याचा ठराव झालेला होता, यादीही होती, पण ती फाइलमध्ये होती. मग काम थांबवून यादी देवळाच्या फलकावर लावली आणि महिनाभर ज्यांना हवी त्यांनी पुस्तकं न्यावीत असं जाहीर केलं. स्मरणार्थ लिहिलेली आतली पानं फोटो काढून वेगळी ठेवली. तरी काही घरांचं मन अजून साफ झालेलं नाही.

दुसरी अडचण वरवर लहान दिसली. सगळ्या फाइली स्कॅन करणाऱ्या मुलाच्या खाजगी गूगल खात्यात होत्या. फुकट मिळणारी १५ जीबीची जागा भरली. तोवर त्याला पुण्याला नोकरी लागली आणि खातं, पासवर्ड सगळं त्याच्याबरोबर गेलं. मुलगा चांगला म्हणून सगळं परत मिळालं. त्यानंतर वाचनालयाच्या नावाचं ईमेल खातं काढलं, एक प्रत वाचनालयातल्या संगणकात, एक हार्ड डिस्कवर गुरुजींच्या घरी आणि एक ऑनलाइन, अशा तीन जागा केल्या. हार्ड डिस्क दर सहा महिन्यांनी उघडून बघायची जबाबदारी नावानिशी वाटून दिली.

परिणाम

पेपर वाचणारे परत आले नाहीत. तीन दैनिकांऐवजी आता एकच येतं. मोठ्या पुरुष वाचकांची संख्याही फारशी वाढली नाही, आणि स्कॅन केलेलं वाचनालय उघडलं की गाव वाचू लागेल ही तरुणांची आशा खरी ठरली नाही.

वाढ झाली ती दोन ठिकाणी. बायकांच्या नावाने स्वतंत्र कार्डं काढली आणि दुपारी दोन ते चार असा एक वेळ सुरू केला. संध्याकाळी पाच ते आठ ही बायकांची स्वयंपाकाची, गोठ्याची वेळ. इतकी वर्षं वाचनालय नेमकं त्याच वेळी उघडं ठेवलं जात होतं. दुपारचा वेळ सुरू झाल्यावर कार्डं भराभर निघाली, आणि त्यांच्या मागणीवरून आरोग्य, शेतीपूरक धंदे आणि आत्मचरित्रं यांची खरेदी झाली.

दुसरी वाढ मुलांची. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मोठ्याने वाचतात, मुलं तेच पुस्तक समोर धरून ओळीवर बोट फिरवतात. मोठा टाइप, पानाला चार–पाच ओळी. कन्नड माध्यमातल्या एका मुलीने ‘ज्ञ’ पाहून बाईंना विचारलं, हे काय अक्षर? बाईंनी उत्तर न देता पुढचं वाचलं, ‘आज्ञा’ शब्द आला, आणि तिने स्वतःच ओळखलं. हेच काम टॅबवर करून पाहिलं होतं. एका टॅबवर सहा मुलं जमायची, बोट लागलं की पान पुढे जायचं आणि भांडणं सुरू. सहा मुलांना सहा छापील प्रती दिल्यावर ती थांबली.

डिजिटल बाजूचा फायदा भलतीकडून आला. हस्तलिखित वार्षिकाची पानं परवानगीनिशी गावच्या गटावर टाकली तेव्हा पुणे, मुंबई, गोव्यात गेलेल्या माणसांची उत्तरं येऊ लागली. कुणी आपल्या घरातले हरवलेले अंक पाठवले, कुणी छायाचित्रांतली माणसं ओळखून दिली. आजीव सभासदत्वाची वर्गणी मुख्यतः याच लोकांकडून आली, आणि तीच आज बाईंचं मानधन आणि नवी खरेदी चालवते.

वेगळं काय करता आलं असतं

बाद पुस्तकांची यादी टेम्पो येण्याआधी लागायला हवी होती, आणि दात्यांच्या घरी निरोप जायला हवा होता. गावच्या वाचनालयातलं पुस्तक निर्लेखित करणं हा हिशेबाचा भाग असतो, तसाच नात्याचाही.

खातं आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर हवं होतं. तरुण मुलं गावात राहणार नाहीत हे या भागात सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कामाची रचना तसं धरूनच करायला हवी.

अरिवु केंद्राशी झालेला समझोता तोंडी आहे. तिथले ग्रंथपाल बदलले की तो टिकेल याची हमी नाही. पंचायतीच्या सभेत तो लेखी करून घेण्याची संधी तेव्हा होती. वातावरण बरं होतं, दोन्हीकडची माणसं बोलत होती. ती घ्यायला हवी होती.

नोंदवह्या पाहण्याचं काम देणगीच्या प्रस्तावामुळे झालं. बाईंना पाच वर्षं आधी कुणी विचारलं असतं तर दुपारची वेळ आधी सुरू झाली असती आणि काही वाचक टिकले असते. म्हणून आता कार्यकारिणीत दोन जागा महिला सभासदांसाठी ठेवल्या आहेत.

मोडीची कागदपत्रं अजून तशीच आहेत. त्यांची चित्रं घेतली आहेत, पण वाचणारा गावात कुणी नाही, आणि त्यात जमिनीचे व्यवहार असू शकतात म्हणून ती गटावर टाकायची नाहीत असं ठरलं आहे. मोडी शिकलेला माणूस आणून आधी नुसती यादी करून घ्यायची, की गावातल्याच दोघांना मोडी शिकायला पाठवायचं, हे येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. बाईंच्या मानधनवाढीचा ठरावही त्याच सभेत आहे, आणि या वेळी तो विषयपत्रिकेत पहिला ठेवला आहे.